लिहावंसं वाटतंय, पण काय आणि कशात? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

लेखनाच्या कार्यशाळेत चहाची सुट्टी झाली की एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, मी कथा लिहू की कादंबरी?’ विचारणाऱ्याला विषय विचारावा तर तो म्हणतो, ‘ते अजून ठरलं नाही.’ म्हणजे भांडं कोणतं घ्यायचं याची चर्चा चाललेली असते आणि शिजवायचं काय याचा पत्ता नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. साहित्यप्रकार बाहेरून निवडायची वेळ फार कमी वेळा येते. जी गोष्ट मनात ठाण मांडून बसलेली असते, तिच्यातच तिचा आकार बराचसा दडलेला असतो. तो ओळखायला शिकता येतं, आणि त्यासाठी काही साध्या खटपटी आहेत. त्या क्रमाने करा. एखादी नकोशी वाटली तर सोडा, फक्त तिसरी सोडू नका.

१. प्रेरणेची वाट पाहू नका, निमित्त शोधा

प्रेरणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा भारावलेला लेखक येतो. मराठीतली खरी उदाहरणं पाहिली तर बहुतेक ठिकाणी एखादं साधं, व्यवहारी निमित्त सापडतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी त्याने आईला तिच्या आठवणी लिहून द्यायला सांगितलं. चरित्रासाठी कच्चा माल म्हणून सुरू झालेलं हे लिखाण ‘स्मृतिचित्रे’ झालं. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई. याच लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्यही पुढे नेलं होतं. त्या काळी महाकाव्याला मान मोठा होता, घरगुती आठवणींना तो नव्हता. आज लोक काय वाचतात ते आपण पाहतोच. मानाचा प्रकार आणि आपल्याला साधणारा प्रकार हे दोन वेगळे असू शकतात, हे नव्या माणसाने सुरुवातीलाच ध्यानात घेतलेलं बरं.

दुसरं निमित्त स्पर्धेचं. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. जयंत नारळीकर तेव्हा खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगभर माहीत झालेले होते. आपलं नाव पाहून परीक्षकांचा निवाडा कलू नये म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव तयार केलेलं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉयल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत, त्यामुळे शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं हे त्यांना परकं नव्हतंच. मनात इच्छा होती, समोर आदर्श होता, पण कागदावर यायला स्पर्धेची तारीख उपयोगी पडली. तारखेला कमी लेखू नका.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. विश्वास पाटील महसुली नोकरीत होते, धरणग्रस्तांचं पुनर्वसन त्यांनी कचेरीच्या आतून पाहिलं आणि त्यातून ‘झाडाझडती’ आली. नाटककार विजय तेंडुलकरांनी सांगितलं आहे की अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याच्या, प्रयोगाला निघालेल्या हौशी मंडळींचं बोलणं कानावर पडलं आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा धागा सापडला. तुरुंग, कचेरी, कानावर पडलेल्या गप्पा. यात दैवी असं काही नाही.

म्हणून पहिलं काम असं करा. एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. मी कोणती हकिकत लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो? कोणत्या गोष्टीवरून घरात किंवा मित्रांत माझा आवाज चढतो? आणि काय सांगायचं मी नेहमी टाळतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणाला दाखवू नका, पण लिहा मात्र. चांगलं लेखन बरेचदा तिथून निघतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून बहुतेक वेळा गमतीदार किस्सा निघतो आणि तो किस्साच राहतो.

२. वही ठेवा, पण तिच्यात विचार लिहू नका

लेखकाने वही बाळगावी हे सगळेच सांगतात. त्या वहीत काय लिहायचं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि मग ती ‘आयुष्य म्हणजे एक प्रवास’ अशा वाक्यांनी भरते. तसली वाक्यं नंतर कशालाच लागत नाहीत.

बोलणं लिहा. जसंच्या तसं. रेशनच्या रांगेतली बाई पुढच्या बाईला काय म्हणाली, तलाठी कार्यालयात म्हाताऱ्याने हात जोडताना कोणते शब्द वापरले, शेजारच्या काकू फोनवर सुनेशी कोणत्या सुरात आणि सुनेच्या आईशी कोणत्या सुरात बोलतात. वऱ्हाडात ऐकलं असेल तर वऱ्हाडी वळणासकट लिहा, मालवणात ऐकलं असेल तर मालवणी हेल ठेवा. प्रमाणभाषेत उतरवून घेतलंत की निम्मा जीव तिथेच जातो. भाव लिहा, म्हणजे जिनसांचे दर. गाड्यांच्या वेळा लिहा. कोणत्या महिन्यात तुमच्या गावच्या शिवारात काय उभं असतं ते लिहा. वीस वर्षांनी कादंबरीत २०२५ सालचा चहा कितीला होता हे लागेल, तेव्हा कुणाला विचारत बसणार?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधली माणसं अजून चालती-बोलती वाटतात याचं कारण त्यांच्या बोलण्यात, चालण्यात, अंगावरच्या कपड्यांत आहे. त्यांच्याविषयी लेखकाला काय वाटतं हे तिथे जवळजवळ नाहीच.

३. एकच ऐवज वेगवेगळ्या प्रकारांत घालून पाहा

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू या. एक विषय घेऊ. तुमच्या जागी तुमचा घाला.

एका लहान गावाला एसटीची मुक्कामी गाडी येते. संध्याकाळी उशिरा पोचते, रात्री गावात थांबते, पहाटे तालुक्याला परतते. चालक आणि वाहक कधी गाडीतच झोपतात, कधी देवळाच्या ओवरीत, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत. गावातल्या एका घरातून वर्षानुवर्षं त्यांना भाकरी जाते. कुणी सांगितलेलं नसतं, पडलेला पायंडा असतो. कॉलेजची पोरं, दूध, कोर्टाच्या तारखेला जाणारे, बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरी, सगळं त्या पहाटेच्या गाडीने हलतं. मग एक दिवस ही फेरी बंद होते.

आता हाच ऐवज कवितेत घालून पाहा. कवितेला वर्षानुवर्षं नको असतात. तिला एक क्षण पुरतो. गाडी बंद झाल्यावरही त्या घरातल्या बाईच्या हातून दोन भाकऱ्या जास्तीच्या थापल्या जातात, एवढ्यावर कविता उभी राहील. महामंडळाने फेरी का बंद केली हे कवितेत सांगायला गेलात तर ती कोसळेल. कवितेत काय येणार नाही हे कळलं तर ती कविता आहे असं समजा.

कथेत घालायचं तर कुणीतरी एक पाहिजे, आणि त्याच्यापुढे काहीतरी अडचण पाहिजे. समजा, वाहक नवीन आहे. जुन्या वाहकाची आणि त्या घराची चाळीस वर्षांची ओळख, हा पोरगा मात्र पहिल्या रात्री भाकरी परत पाठवतो. का पाठवतो? त्याच्या जातीमुळे की घराच्या? की त्याला वाटतं, उद्या ही माणसं फुकट प्रवास मागतील? या एका ‘का’मध्ये कथा आहे. ती एका रात्रीत संपू शकते. संपली पाहिजेच असं नाही, पण पहिली कथा लिहिणाऱ्याने काळ जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवावा.

एकांकिका करायची असेल तर तीच रात्र, पण सगळं बोलण्यातून आणि हालचालीतून. ‘त्याला आठवलं’ असं एकही वाक्य रंगमंचावर दिसत नाही. गाडी विंगेत, समोर ओवरी, चार माणसं, बाहेर पाऊस, रस्ता खचलाय, पहाटे गाडी निघेल की नाही ठाऊक नाही, आणि घरात बाळंतीण अडली आहे. नाटकाला असा पेच लागतो, ज्यात माणसांना एकमेकांपासून उठून जाता येत नाही.

कादंबरीला मात्र ती चाळीस वर्षं लागतील. पहिली गाडी गावात आली तेव्हा तिला नारळ फोडून हार घातला होता, तिथपासून वडाप, म्हणजे खासगी गाड्यांची वाहतूक, सुरू होऊन एसटीचे प्रवासी घटले तिथपर्यंत. आता ती एका वाहकाची गोष्ट राहिली नाही, गावाची झाली. गावातल्या कोणकोणत्या घरांत तुम्हाला आत जाता येतं, हे इथे स्वतःला विचारा. तीन-चारच घरं ओळखीची असतील तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणात धापा टाकेल.

ललित लेखात ‘मी’ येतो. त्या गाडीने कॉलेजला जाणारा मी, खिडकीपाशी जागा पकडणारा मी. हा सोपा वाटतो आणि म्हणून सगळ्यांत जास्त फसतो, कारण आठवण गोड करायचा मोह अनावर असतो. ती गाडी पावसात गळत होती आणि मागच्या सीटवर बायकांना त्रास व्हायचा, हेही लिहायची तयारी असेल तर लेख लिहा.

रिपोर्ताज, म्हणजे खऱ्या घटनेचा चौकशी करून मांडलेला वृत्तांत, लिहायचं तर आठवणी बाजूला ठेवा आणि आगारात जा. फेरीचं उत्पन्न किती होतं, बंद करायचा निर्णय कुणी घेतला, पत्रव्यवहार काय झाला, मुली आता तालुक्याला कशा जातात, शाळा किती जणींनी सोडली. यात एकही वाक्य कल्पनेचं चालणार नाही. ज्यांना कल्पना करायचा कंटाळा येतो पण चौकशी करायची हौस आहे, त्यांनी हा रस्ता धरावा. मराठीत त्याला माणसं कमी पडताहेत.

आणि भयकथा? का नाही! बंद झालेल्या मुक्कामी गाडीचा हॉर्न रात्री ऐकू येतो, एवढ्यावर गाव दारं लावून घेईल. फक्त एवढं की, भीती हॉर्नची नसावी. त्या गाडीतून कोण उतरेल याची असावी, आणि ते वाचकाला गोष्टीच्या मध्यापर्यंत नीट माहीत झालेलं असावं.

आता तुमच्या ऐवजावर हे करा. किमान तीन प्रकारांत, प्रत्येकी एकेक पान. पूर्ण करायचं नाही, सुरुवात करून सोडायचं. मग आठवडाभर हात लावू नका. आठवड्याने वाचताना ज्या पानाच्या पुढे काय होतं ते तुम्हालाच जाणून घ्यावंसं वाटेल, ते पान ठेवा.

एक गोष्ट लक्षात येईल. प्रकार बदलला की विषय तोच राहत नाही. आनंद यादवांनी कागल परिसरातलं कष्टकरी जगणं ‘हिरवे जग’मध्ये कवितेत आणलं. पुढे ‘गोतावळा’ कादंबरीत नारबा नावाच्या सालगड्याच्या तोंडून यंत्र आल्यावर शेतातल्या जनावरांचं आणि माणसांचं काय होतं ते सांगितलं, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ‘झोंबी’त स्वतःच्या शिक्षणाची लढाई आत्मचरित्रात्मक रूपात लिहिली. माती तीच, पण तिन्ही वेळा वेगळं काहीतरी हाती लागलं. त्यामुळे आज कथा निवडली म्हणजे कवितेचं दार कायमचं बंद झालं, अशी भीती बाळगू नका.

४. तरीही ठरत नसेल तर

बोलतंय कोण, हे आधी ठरवा. बऱ्याच जणांचं गाडं इथे अडलेलं असतं आणि ते समजतात की प्रकार ठरत नाहीये. दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली आलं. त्यात शहरात स्थिरावलेल्या, शिकलेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, नावं दोन. गावकुसाबाहेरचं बालपण आणि नंतरचं पांढरपेशा आयुष्य यांतली फट सांगायला सरळ ‘मी’ अपुरा पडला असता. ही मांडणी चमकदार दिसावी म्हणून केलेली नाही, ती अडचणीतून निघाली आहे. तुम्हालाही स्वतःविषयी लिहायचं असेल आणि ‘मी’ म्हणताना हात अडखळत असेल तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगून पाहा. आई सांगतेय, धाकटा भाऊ सांगतोय, ऑफिसातला शिपाई सांगतोय.

मग ऐकणारा कोण, ते पाहा. अण्णा भाऊ साठे यांच्याइतकं या बाबतीत शिकवणारा लेखक मला दुसरा दिसत नाही. वाटेगावहून मुंबईत आलेला, गिरणीत राबलेला, शाळा जवळजवळ न शिकलेला माणूस. कामगारांपुढे मैदानात बोलायचं होतं, तेव्हा त्यांनी शाहिरी, छक्कड आणि तमाशाचा बाज निवडला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा साचा घेतला तरी गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, देवाऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं, म्हणजे प्रकार उचलताना त्याला वाकवलंही. हेच अण्णा भाऊ ‘फकिरा’ लिहितात तेव्हा कादंबरी हातात घेतात, कारण तिथे एका बंडखोराचं अख्खं आयुष्य आणि त्याच्या भोवतीचा मुलूख उभा करायचा होता. पुस्तक त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं. ऐकणारा समोर बसलेला असताना एक प्रकार, वाचणारा एकटा बसलेला असताना दुसरा.

बहिणाबाई चौधरींना वाचक नावाचा माणूसच ठाऊक नव्हता. जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या सुचत, मुलाने आणि नात्यातल्या मंडळींनी त्या टिपून ठेवल्या आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. हाताला लय होती म्हणून शब्दांना ओवीची लय आली. तुमच्या दिवसाची लय कशी आहे, तेही जरा बघा. लोकलमध्ये उभ्याने दीड तास जाणाऱ्या माणसाला मोबाइलवर चार ओळी जमतील. रोज पहाटे दोन तास मोकळे मिळणाऱ्याने कादंबरीला हात घालावा. हे कुणाला फार रुक्ष वाटेल, पण कामाला, संसाराला, नोकरीला बांधलेल्या माणसाने प्रकार निवडताना वेळेचा हिशेब करण्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, कुठला प्रकार मोठा आणि कुठला छोटा या वादात नव्याने पडू नका. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत, गावी सांगवीला बसून ‘कोसला’ लिहिली आणि पुढे समीक्षेत कथेपेक्षा कादंबरीच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. तिकडे धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी जन्मभर कथाच लिहीत राहिले. कादंबऱ्यांचे अनुवाद केले, स्वतःची कादंबरी काढली नाही. दोघांचंही अडलं नाही.

५. प्रकाराच्या अटी माहीत करून घ्या

काही प्रकारांना अंगचे नियम असतात. ते मोडायचे असतील तरी आधी यावे लागतात.

गझल सगळ्यांत कडक. वृत्त, मतला (पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे तेच शब्द), आणि प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा. सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून ठेवली आहे, ती वाचल्याशिवाय समाजमाध्यमांवर ‘माझी गझल’ म्हणून काही टाकू नका. यमक जुळलं म्हणजे गझल झाली असं मानणारे लोक आधीच पुष्कळ आहेत.

रहस्यकथेत शेवट आधी ठरवा आणि मागे मागे येत लिहा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या झुंजारने आणि काळापहाडने कित्येकांना वाचायची चटक लावली. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा कमी मिळते. पण वाचकाला पुढचं पान उलटायला लावणं हे कसब आहे आणि ते ‘गंभीर’ लिहिणाऱ्यांनीही शिकावं. भय आणि गूढकथेसाठी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी शेजारी शेजारी ठेवून वाचा. धारपांकडे वाडा, शक्ती, झपाटणं असं बाहेरचं काही येतं. मतकरींकडे बरेचदा घरातलंच माणूस पुरतं.

विज्ञानकथेत विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट कोसळली पाहिजे. प्रेमकथेत रोबो घातला की विज्ञानकथा झाली, असं होत नाही.

ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल तर मी थोडा घाबरवतोच. शिवकाळ, पेशवाई यांवर इतकं लिहून झालंय की नवा माणूस नकळत आधीच्या कादंबऱ्यांचीच कादंबरी लिहितो. अस्सल कागदपत्रं वाचायची चिकाटी नसेल, मोडी लिपीशी गाठ घालायची तयारी नसेल, तर आपल्या आजोबांच्या काळातली गोष्ट घ्या. १९७२चा दुष्काळ, १९८२चा गिरणी संप, १९९३चा किल्लारीचा भूकंप. ज्यांनी पाहिलं ती माणसं अजून बोलायला आहेत.

मुलांसाठी लिहिणं सोपं समजून येणाऱ्यांची गर्दी असते. ज्यांना मुलं आवडतात एवढंच ज्यांचं भांडवल, त्यांनी आधी एखाद्या चौथीच्या वर्गात आपली गोष्ट वाचून दाखवावी. वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला की कुठे काटायचं ते कळतं.

६. त्या प्रकारातलं वाचा, आणि एकदा नक्कल करा

ज्या प्रकारात लिहायचं ठरवलंय त्यातली बरी-वाईट दहा-बारा पुस्तकं वाचल्याशिवाय बसू नका. वाईटही वाचा. काय फसतं ते वाईट पुस्तकात जास्त स्पष्ट दिसतं.

आवडत्या लेखकाचं एक पान हाताने उतरवून काढा. मग त्याच पानाच्या चालीवर तुमचा प्रसंग लिहा. हे सरावापुरतं, छापायला द्यायचं नाही. त्यातून कळतं की त्याची वाक्यं किती आखूड आहेत, संवाद कधी सुरू होतो, वर्णन कुठे थांबतं. आणि एकाच लेखकावर अडकू नका. पु. लं.च्या सावलीत लिहिलेले विनोदी लेख ओळखायला दोन ओळी पुरतात. विनोद लिहायचाच असेल तर चिं. वि. जोशींकडेही जा. बडोद्यात पालीचा अभ्यास करणाऱ्या, दफ्तरखाना सांभाळणाऱ्या या विद्वान माणसाने चिमणराव लिहिला. त्यांचा विनोद मध्यमवर्गीय घराच्या अडचणींतून निघतो, लेखक आपण होऊन हसवायला पुढे येत नाही.

७. पहिला खर्डा संपवा, मग एकालाच दाखवा

संपवा. अर्धवट दहा गोष्टींपेक्षा एक पूर्ण झालेली वाईट गोष्ट बरी, कारण दुरुस्ती पूर्ण झालेल्या गोष्टीचीच करता येते.

दाखवताना दहा जणांच्या गटावर टाकू नका. तिथे अंगठे आणि फुलं येतील. एक असा माणूस शोधा जो तुमच्यावर प्रेम करतो पण तुमच्या लिखाणावर मेहेरबानी करत नाही. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून लिहून कथा दुरुस्त करून घेत. कुठे सैल झालीय, शेवट कुठे आधीच येऊन गेलाय, हे कळवत. ते मासिक १९८२ साली बंद झालं आणि तसं संपादन आता फारसं मिळत नाही. म्हणून हे काम मित्राकडून करून घ्यावं लागतं. त्याला ‘कशी वाटली?’ विचारू नका. कंटाळा कुठे आला, कोण कुणाचा कोण हे कुठे समजेना, आणि कोणतं माणूस खोटं वाटलं, एवढंच विचारा.

खऱ्या माणसांवरून लिहिलं असेल तर याच टप्प्यावर नावं, गाव, धंदा, नातं बदला. फक्त नाव बदलून भागत नाही, गाव ओळखतंच. दुसऱ्याची कविता किंवा चित्रपटगीत आत घातलं असेल तर परवानगीचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

८. पाठवायचं कुठे

‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाची पहिली कथा छापून यायची ही मोठी जागा आहे. अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे गणपतीत कथा पाठवून उपयोग नाही. मे-जूनपर्यंत पाठवा. कथा तीन ते पाच हजार शब्दांत ठेवली तर संपादकाला जागा करणं सोपं जातं. युनिकोडमध्ये टाइप करा, फाइलला स्वतःचं आणि कथेचं नाव द्या, सोबत चार ओळींचं पत्र. पत्रात कथेचा अर्थ समजावून सांगू नका.

नाटकवाल्यांनी एकांकिका स्पर्धांकडे बघावं, पण आधी एखाद्या संघाबरोबर तालमीत बसावं. पडद्याची दोरी ओढा, प्रॉम्प्टिंग करा. नटाच्या तोंडात कुठलं वाक्य अडकतं हे घरी बसून कळत नाही.

पहिलं पुस्तक तयार होत आलं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात निघते तेव्हा अटी नीट वाचून हस्तलिखित पाठवा. तुमच्याकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापणारेही भेटतील. ते करायचं की नाही तो तुमचा प्रश्न, पण किती प्रती छापणार, विकणार कोण, उरलेल्या प्रती कुणाकडे राहणार आणि हक्क कुणाचा, हे कागदावर घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि एकच कथा दोन अंकांना एकाच वेळी पाठवू नका. दोघांनीही घेतली तर दोन्ही संपादक पुढच्या वर्षी तुमचं नाव लक्षात ठेवतील, तेही नको त्या कारणासाठी.